हातभर अंतर

खुर्चीवरच्या तलवारबाजीत सामना सुरू होण्याआधी अंतर मोजतात. दोन्ही खुर्च्या एका धातूच्या चौकटीवर आणून घट्ट आवळतात, मधल्या दांडीशी ११० अंशांचा कोन होईल अशा जराशा तिरक्या. त्यानंतर चाकं असून नसल्यासारखी. मग एकानं तलवारीसकट हात सरळ ताणायचा, समोरच्यानं आपला हात कोपरात दुमडायचा आणि टोक कुठवर पोचतं ते पंचानं बघायचं. दोघांचे हात सारखे लांब असले तर वाद नाही. नसले तर ज्याचा हात आखूड त्याला विचारतात, अंतर तुझ्या हाताचं ठेवायचं की याच्या? तो सांगेल ते अंतर कायम. तिथून पुढे सामना संपेपर्यंत कुणी वीतभरही पुढे यायचं नाही की मागे जायचं नाही.

नियमांच्या पुस्तकात असा माणुसकीचा कोपरा क्वचितच सापडतो. उंचीला सवलत नाही, वयाला नाही, पण आखूड हाताचं म्हणणं आधी ऐकून घेतात. लांब हाताचा गडी लांब अंतर मागणार हे उघड आहे, म्हणून त्याला विचारतच नाहीत. मला हा खेळ आवडायला लागला तो या मोजमापामुळे. तलवारी नंतर आल्या.

उभ्यानं खेळायची तलवारबाजी म्हणजे निम्मं काम पायांचं. आपल्याकडे मर्दानी खेळ शिकवणारे वस्तादही पोरांच्या हातात लाठी द्यायच्या आधी पवित्रे घोटून घेतात. कोल्हापुरात एखाद्या पेठेतल्या मैदानावर दांडपट्टा फिरताना बघा. पट्ट्याचं पातं डोळ्यांना दिसत नाही, दिसतात ती पावलं. वार चुकवायचा तर पाऊल मागे, साधायचा तर पाऊल पुढे. युरोपातल्या तलवारबाजीतही तेच. चौदा मीटर लांबीच्या पट्टीवर दोघं पुढे-मागे होत राहतात, एकमेकांना अंतराच्या जाळ्यात ओढतात, आणि हातघाईला येण्याआधीच निम्मा सामना पायांनी खेळून झालेला असतो.

इथं ते पायच काढून घेतले आहेत. मग राहतं काय? धड राहतं. मान राहते. कंबरेपासून वरचा भाग पुढे झुकतो, मागे रेलतो, बाजूला कलतो. बहुतेक खेळाडू मोकळ्या हातानं खुर्चीची कड किंवा चाक धरतात आणि त्या आधारावर स्वतःला पुढे फेकतात, मागे ओढून घेतात. बूड खुर्चीवरून सुटलं की पंच दंड करतो. अंतर ठरलेलं असल्यामुळे दोघंही पहिल्या क्षणापासून एकमेकांच्या टप्प्यात असतात. उभ्या खेळात दोघं दूर राहून एकमेकांचा अदमास घेत वेळ काढू शकतात, तशी सोय इथं नाही. म्हणून हा खेळ इतका वेगवान दिसतो की पहिल्यांदा बघणाऱ्याला फक्त दिवे लागलेले कळतात. धातूच्या धाग्यांच्या जाकिटावर टोक टेकलं की लाल किंवा हिरवा, दुसरीकडे कुठं टेकलं की पांढरा. दोन्हीकडचे दिवे एकदम लागले तर पंच ठरवतो, हल्ल्याचा हक्क कुणाचा होता. फॉइल या प्रकारात गुण मिळतो तो फक्त धडावरच्या वाराला.

बेबे व्हिओचं नाव ज्यांनी ऐकलं आहे त्यांनी तिच्या आजारपणापासून ऐकलं आहे, कारण सगळे तिथूनच सुरुवात करतात. मी ते थोडक्यात उरकते. बेआत्रिचे व्हिओ, घरचं नाव बेबे, जन्म ४ मार्च १९९७, व्हेनिसचा. वाढली तिथून जवळच्या मोलियानो व्हेनेतो या गावात. पाचव्या वर्षी हातात तलवार आली. अकराव्या वर्षी, २००८ च्या अखेरीला, मेंदूज्वराच्या जीवघेण्या प्रकारानं गाठलं. शंभराहून जास्त दिवस इस्पितळात गेले. जीव वाचवण्यासाठी डॉक्टरांना दोन्ही हात कोपराखाली आणि दोन्ही पाय गुडघ्यांपाशी कापावे लागले. चेहऱ्यावर आजाराचे व्रण राहिले, ते तिनं कधी झाकले नाहीत. पुढच्याच वर्षी तिच्या आई-वडिलांनी हातपाय गमावलेल्या मुलांना खेळाकडे नेणारी ‘आर्ट फॉर स्पोर्ट’ ही संस्था काढली. ती शाळेत परतली आणि तलवारबाजीतही परतली, या खेपेला बसून.

इथवर आलं की वाचणारा ‘काय जिद्द!’ म्हणतो आणि पान उलटतो. जिद्द हा शब्द आपल्याकडे इतका स्वस्त झाला आहे की दहावीच्या निकालापासून वडापावच्या गाडीपर्यंत कुठेही चिकटवता येतो. जिद्द असलेली माणसं मी पुष्कळ पाहिली. त्यातल्या बहुतेकांना जागतिक विजेतेपद मिळालेलं नाही. बेबेला २०१५, २०१७ आणि २०१९ अशी लागोपाठ तीन मिळाली. तेव्हा तिच्याकडे जिद्दीखेरीज आणखी काहीतरी असणार, आणि ते काय हे बघायला हवं.

ते बघण्याची युक्ती मला माझ्या भाचीनं दाखवली. ही पोर आठवीत आहे आणि आमच्या जिल्ह्याच्या क्रीडा संकुलात तलवारबाजी शिकते. महाराष्ट्रात तलवारबाजी शिकणारी मुलं बरीच आहेत. त्यातली काही खेळाच्या ओढीनं येतात आणि काही दहावीच्या वाढीव गुणांच्या ओढीनं, हे सगळ्या पालकांना ठाऊक आहे. माझी बहीण दुसऱ्या गटातली, पोर मात्र पहिल्या. तिला मी बेबेचा एक सामना मोबाइलवर लावून दिला. हातपाय कसे गेले, हे तिनं विचारलंच. पण ते एका वाक्यात ऐकून घेतलं आणि लगेच पडद्यावर बोट ठेवलं. “मावशी, बोटं नसताना ही डिसएंगेज कसं करते गं?”

डिसएंगेज म्हणजे समोरच्याच्या पात्याखालून आपलं टोक फिरवून पलीकडे काढणं. तो तुमचं पातं अडवायला येतो, तुम्ही टोकानं एक बारीकसं अर्धवर्तुळ काढून निसटता आणि मोकळ्या जागेत शिरता. तलवारबाजी शिकवणारे पहिल्या दिवसापासून बजावतात की हे काम बोटांचं आहे. अंगठा आणि तर्जनीनं मूठ किंचित वळवायची, मनगट जागचं हलू द्यायचं नाही. वर्तुळ जितकं लहान तितका वेळ वाचतो. खांद्यातून फिरवाल तर टोक हातभर भटकेल आणि तोवर समोरचा तुमच्या छातीवर दिवा लावून मोकळा होईल.

बेबेला बोटं नाहीत, तळवा नाही, मनगट नाही. तिचं फॉइल कृत्रिम हातात थेट बसवलेलं असायचं. म्हणजे जे वर्तुळ इतरांच्या बोटांतून निघतं, ते तिला कोपरातून आणि खांद्यातून काढावं लागायचं, आणि तरी ते बोटांतून निघाल्याइतकं लहान ठेवावं लागायचं. शिवाय बोटांना पात्याची जी खबर लागते, समोरच्यानं किती जोर लावला आहे, तो ढिला पडला की नाही, ती खबर तिला कोपरापर्यंत पोचेल तेव्हा. भाचीनं तिचे चार-पाच गुण पुन्हापुन्हा मागे नेऊन पाहिले. मग म्हणाली, “ही टोक फिरवतच नाही फारसं. स्वतःच फिरते.” मी पाहिलं तर खरंच तसं होतं. निदान त्या गुणांत पातं जवळजवळ जागच्या जागी होतं आणि अख्खं धड त्याच्या भोवती सरकत होतं. ज्या रेषेत समोरचीचं टोक येणार तिथून छाती बाजूला झालेली आणि त्याच हालचालीत हिचं टोक पोचलेलं. चुकवणं आणि मारणं या दोन क्रिया तिनं एकात आणल्या होत्या.

मग घरच्या दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या समोरासमोर आल्या, हे ओघानंच आलं. मास्क एकच होता, तो मला मिळाला. तिला टोकानं टोचायचं नाही असं ठरलं, तिनं मात्र मला टोचायचं. फॉइल अर्ध्या किलोच्या आतलं असतं, हातात घेतल्यावर अगदीच पोरखेळ वाटतो. “मावशी, बूड उचललंस की पॉइंट माझा,” असा दम देऊन तिनं सुरुवात केली. मला वाटलं होतं हात भरून येईल. हाताला काही झालं नाही. पोटात गोळा आला, मानेची शीर धरली, आणि डावा हात खुर्चीच्या दांडीला इतका घट्ट चिकटला की नंतर बोटं सोडवावी लागली. अंगावर काहीतरी येतंय आणि उठून मागे होता येत नाही, हे अंगाला पटतच नाही मुळी. दर वेळी तळपाय फरशीवर जोर देत होते. पायांना कुणी कळवलंच नव्हतं की त्यांना सुट्टी आहे. दुसऱ्या दिवशी खोकतानाही पोट दुखत होतं, तेव्हा लक्षात आलं की हा खेळ कुठल्या स्नायूंवर चालतो.

आणि मला निदान धरायला डावा हात होता.

अपंग खेळाडूंत गट असतात, ते समजून घेतल्याशिवाय निकाल समजत नाहीत. पॅरालिम्पिकमधल्या तलवारबाजीत दोन गट. ‘अ’ गटात धडावर चांगला ताबा असलेले. ‘ब’ गटात ज्यांचा धडावरचा ताबा कमी आहे किंवा ज्यांच्या तलवारीच्या हातातच दोष आहे ते. बेबे ‘ब’ गटात खेळायची ती हातामुळे. तिचं धड तिच्या ताब्यात आहे, मैदानाबाहेर ती कृत्रिम पायांवर चालते. तिच्यासमोर बसणाऱ्या कित्येकींच्या मणक्याला इजा झालेली असायची. त्यांची बोटं शाबूत, पण पुढे झुकल्यावर परत सरळ होणं हेच मोठं काम. एकीकडे हात नाही, दुसरीकडे पाठ नाही. हे दोन अभाव सारखे कसे ठरवायचे? तराजू कुठला? नियम करणाऱ्यांनी आपल्या परीनं उत्तर काढलं आहे, आणि त्यावर माझ्यासारखीनं लांबून शहाणपण शिकवण्यात अर्थ नाही. पण एवढं खरं की बेबेला तिच्या गटात कुणी दयेनं बसवलेलं नाही, आणि समोरच्याही दयेनं हरलेल्या नाहीत.

२०१६ च्या रिओत अंतिम सामन्यात तिच्यासमोर चीनची चौ चिंगचिंग होती. बेबे तेव्हा १९ वर्षांची. १५-७ असा निकाल लागला. पाच वर्षांनी, करोनामुळे वर्षभर लांबलेल्या टोकियोत, पुन्हा अंतिम सामना, पुन्हा समोर तीच चौ चिंगचिंग, आणि १५-९. या दोन आकड्यांमध्ये एक गोष्ट लपली आहे, ती तिनं टोकियोचं सुवर्ण घेतल्यावरच जगाला सांगितली. त्या वर्षाच्या सुरुवातीच्या महिन्यांत तिच्या तलवारीच्या हाताच्या कोपराला जंतुसंसर्ग झाला होता. उरलेला हातही कापावा लागेल, कदाचित जीवही जाईल, इथवर डॉक्टरांची भाषा गेली होती. ज्या कोपरातून ती ते बारीक वर्तुळ काढायची, तोच हा कोपर. आधी सांगितलं असतं तर प्रत्येक सामन्याला सहानुभूतीचा मुलामा चढला असता. तिनं आधी जिंकून घेतलं.

तिचं ओरडणं मात्र ज्यांना सोसत नाही त्यांनी तिचे सामने आवाज बंद करून बघावेत. गुण मिळाला की ती मास्कच्या आतून अशी किंचाळते की सभागृह दचकतं. इटालियन तलवारबाजांची ती जुनीच रीत आहे, उभ्यानं खेळणारेही तसेच ओरडतात. पण खुर्चीतल्या मुलीकडून आपण काहीतरी वेगळं धरून चाललेलो असतो. तिनं सोशिक असावं, मंद हसावं, आभार मानावेत. अपंग माणसानं चिडू नये, माजू नये, जिंकल्यावर समोरच्याच्या तोंडावर आरोळी ठोकू नये, ही आपली न सांगितलेली अट. बेबे ती अट पहिल्याच गुणाला मोडते. मला तर तिच्या पदकांइतकीच ती आरोळी आवडते.

प्रसिद्धीनं तिला मनसोक्त उचललं. रिओनंतर महिन्याभरातच व्हाइट हाउसमध्ये इटलीच्या पंतप्रधानांबरोबर मेजवानीला ती होती आणि ओबामांबरोबरचा तिचा सेल्फी जगभर फिरला. तिच्या रूपाची बार्बी बाहुली निघाली. २०२१ मध्ये युरोपियन कमिशनच्या अध्यक्षांनी आपल्या वार्षिक भाषणासाठी तिला पाहुणी म्हणून युरोपच्या संसदेत बोलावलं. यात वाईट काही नाही. लसीकरणाच्या प्रचाराला तिनं आपला चेहरा दिला, तो तर फार मोलाचा. तरी बाहुली झालेल्या माणसाला पुढे हरायची मुभा राहत नाही, याची मला तिच्यासाठी काळजी वाटायची.

ती मुभा तिनं २०२४ मध्ये पॅरिसला घेतली. सामने होते ग्रां पॅलेमध्ये, १९०० सालच्या प्रदर्शनासाठी उभारलेल्या त्या काचेच्या छताच्या महालात. तलवारबाजीला याहून देखणं सभागृह मिळणं कठीण. वैयक्तिक फॉइलमध्ये बेबे तिसरी आली. कांस्य. सांघिक सामन्यातही कांस्य. बातम्यांचे मथळे हळहळले. मला मात्र वाटलं, आता कुठं हिची कारकीर्द कारकिर्दीसारखी दिसायला लागली. दोनदा शिखर, मग घसरण, तरीही व्यासपीठावर. इतर कुठल्याही खेळाडूची असते तशी.

पण त्या दिवशी सुवर्ण कुणी नेलं, हे किती जणांनी पाहिलं? थायलंडच्या सायसुनी जाना यांनी. वय ५०. तरुणपणी मोटारसायकलच्या अपघातात कमरेखालचं अंग गेलेल्या या बाईंनी अथेन्सला २००४ मध्ये एपे या प्रकारात सुवर्ण घेतलं होतं, लंडनला २०१२ मध्ये पुन्हा घेतलं, आणि पॅरिसला ‘ब’ गटातली तिन्ही वैयक्तिक सुवर्णं, सेबर, फॉइल आणि एपे, एकटीनं उचलली. तिन्ही तलवारींचे नियम निराळे. सेबरला धारेनंही वार चालतो, एपेला हल्ल्याच्या हक्काची भानगड नसते, फॉइलला धडच मोजतात. शास्त्रीय गायकानं एकाच मैफलीत ख्याल, ठुमरी आणि लावणी तितक्याच ताकदीनं म्हणावी, तसला हा प्रकार. तेही पन्नाशीत, वीस वर्षं त्याच खुर्चीत बसून. त्यांच्या रूपाची बाहुली माझ्या तरी पाहण्यात नाही. बेबेवर माझा जीव आहे, पण या खेळातली थोर कारकीर्द कुणाची असं कुणी विचारलं तर मी सायसुनीबाईंचं नाव घेईन.

खेळ म्हणून हे सगळं सुरू झालं ते एका इस्पितळाच्या आवारात. नाझी जर्मनीतून निसटून इंग्लंडला आलेले ज्यू डॉक्टर लुडविग गुटमान स्टोक मँडव्हिलला मणक्याच्या जखमींचा विभाग चालवत होते. दुसऱ्या महायुद्धात मणका मोडलेले तरुण सैनिक तिथं येत. तोवर अशा माणसाला पलंगावर निजवून ठेवायचं आणि मरणाची वाट बघायची, हाच उपचार. गुटमान यांनी त्यांना खुर्चीत बसवलं आणि हातात धनुष्य दिलं. २९ जुलै १९४८, लंडन ऑलिम्पिकच्या उद्घाटनाचा दिवस, आणि इकडे या आवारात १६ जखमींची तिरंदाजी. पुढे तलवारबाजीही त्यांनीच आणली. १९६० मध्ये रोमला पहिलं पॅरालिम्पिक झालं तेव्हापासून ती कार्यक्रमात आहे. म्हणजे बेबेच्या देशातच हा खेळ पॅरालिम्पिकला पहिल्यांदा आला.

या वाटेवर आपला एक माणूस फार आधी चालून गेला आहे. सांगली जिल्ह्यातल्या पेठ गावचे मुरलीकांत पेटकर. सैन्यात मुष्टियोद्धे होते, १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, त्यातली एक मणक्यात. १९७२ मध्ये जर्मनीत हायडेलबर्गला ५० मीटर फ्रीस्टाइल पोहून त्यांनी भारताला पॅरालिम्पिकचं पहिलं सुवर्ण आणलं. पद्मश्री मिळायला २०१८ साल उजाडलं. सिनेमा आला २०२४ मध्ये, तेव्हा आमच्या शेजारच्या काकांनी मला विचारलं, हे खरंच घडलं होतं का हो? सांगली आमच्यापासून काही फार लांब नाही.

म्हणून शेवटी एक मागणं आहे, आणि ते तलवारबाजीचे वर्ग चालवणाऱ्या प्रशिक्षकांकडे आहे, क्रीडा संकुलांच्या समित्यांकडे आहे. तुमच्याकडे फॉइल आहे. मास्क आहेत, जाकिटं आहेत, दिव्यांचं यंत्र आहे, शिकवणारा माणूस आहे. खुर्चीवरच्या खेळाला हे सगळं तेच लागतं. कमी आहे ती एक लोखंडी चौकट, दोन खुर्च्या आवळून ठेवणारी. स्पर्धेची चौकट महाग असेल, पण सरावापुरती गावातला फॅब्रिकेशनवालाही मापं दिली तर करून देईल. आणि भाचीच्या संकुलात सभागृहाकडे जायला ज्या पायऱ्या आहेत, त्यांच्या शेजारी एक उतार करून घ्या. कुठल्या तरी शाळेत खुर्चीत बसून मैदानाकडे बघणारा एखादा मुलगा, एखादी मुलगी असेलच. खेळाच्या तासाला त्यांना गुणफलक लिहायला बसवू नका, आत बोलवा. त्यांच्या हाताची लांबी मोजा आणि अंतर किती ठेवायचं ते त्यांनाच विचारा.